झडतीची गोष्ट

आमच्या साहेबांना वर्णभेदावर भाषण द्यायचं होतं. ऑफिसात काळी मी एकटीच, म्हणून तालमीला मलाच समोर बसवलं.

“लोकांना पटेल असं काहीतरी सुचवा ना, ताई.”

“गेटवरचा वॉचमन दहा वर्षं रोज फक्त माझीच बॅग उपसतो,” मी म्हटलं. “तुम्ही आलात की सलाम ठोकतो. तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा उद्या बॅग उघडून माझ्यामागे उभे राहा. सगळ्यांना आपोआप पटेल.”

“छे, उगाच तमाशा होईल. पण गोष्ट झकास आहे हं!” असं म्हणत त्यांनी ती लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये शिरले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट चालला होता. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. साहेब व्यासपीठावर हात जोडून उभे होते. मला बघताच मात्र ते तडक खाली उतरले आणि दबक्या आवाजात खेकसले, “अहो ताई, सगळं भाषण तुमच्यावर होतं! निदान आज तरी वेळेवर यायचं!”

वॉचमनने उपसलेलं सामान मी अजून बॅगेत कोंबतच होते.