तानोआवर कुणाचा संशयच नव्हता

“मग लिव्हरचा आकडा काय प्रार्थना करून वाढला?” उनाइसी नवऱ्यावर तडकली. “खरं सांग, बिअर परत चालू केलीस ना?”

“शप्पथ नाही गं,” आपेनिसा म्हणाला.

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मित्रांनो, मी एक जुना तानोआ आहे. चार पायांची लाकडी काथवटच समजा. कबारा बेटावर एका म्हाताऱ्याने मला एकाच ओंडक्यातून कोरलं आणि बोटीत घालून इकडे धाडलं. यंगोना नावाच्या झुडपाच्या मुळांची पूड कापडात बांधून माझ्यातल्या पाण्यात पिळतात, मग टाळ्या वाजवून करवंटीने पितात. जीभ बधिर, माणूस गार. लग्न, मयत, माफी, सगळीकडे मीच. यंगोना मुरून माझ्या पोटाला आलेली चकाकी बघून लोक वाहवा करायचे. मध्येच प्लास्टिकची बादली आली आणि मला कोपऱ्यात फेकलं. बादली फुटल्यावर परत गोड बोलले. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही.

आपेनिसा शाळेची बस चालवतो. बस कंपनीने नेहमीसारखं सगळ्या ड्रायव्हरांचं रक्त तपासलं, त्यात याच्या लिव्हरची एन्झाइम थोडी वाढलेली निघाली. पोरगी झाली तेव्हा याने चर्चमध्ये सगळ्यांसमोर बिअर सोडली होती. म्हणून उनाइसी पेटलेली. त्याचे शर्ट हुंगायची, बसच्या सीटखाली बाटल्या शोधायची. एक जरी सापडली तर पोरीला घेऊन माहेरी जाणार म्हणाली, आणि ही बाई बोलते ते करते. आपेनिसाला वाटायचं, कुणीतरी रक्ताच्या बाटल्या बदलल्या. त्याचा मामेभाऊ नेमानी चिडवायचा, तुझं लिव्हर आता भट्टीत भाजायच्याही लायकीचं नाही.

शेवटी उनाइसीने दवाखान्यातल्या सिस्टर वसीतीला घरी बोलावलं. पाहुणी आली म्हटल्यावर चटई टाकली, मला मध्ये ठेवलं आणि लिव्हरबद्दल बोलायला आलेल्या बाईसाठी यंगोना कालवली.

सिस्टरने मान म्हणून एक करवंटी घेतली. मग विचारलं, “हे रोज?”

“रोज. चर्चच्या मंडळींबरोबर. हा तानोआ दोनदा भरतो,” आपेनिसा ऐटीत म्हणाला.

“डॉक्टरला सांगितलंस?”

“त्यांनी दारू विचारली, मी नाही म्हणालो. ही काय दारू आहे?”

सिस्टर हसली नाही. म्हणाली, लिव्हरला कशाचा त्रास झाला की ही एन्झाइम रक्तात जास्त उतरतात. थोडा आकडा वाढला म्हणजे लिव्हर गेलं असं नाही, आणि दारूच प्यायला असंही नाही. लिव्हरवरच्या चरबीने वाढतो, काविळीच्या विषाणूने, कसल्या कसल्या गोळ्यांनी, आणि कधीकधी रोजच्या यंगोनानेही. यातल्या कशामुळे वाढला, ते तिलाही आज सांगता येईना. सध्या यंगोना बंद, डॉक्टरला सगळं सांगायचं आणि काही आठवड्यांनी परत रक्त तपासायचं.

उनाइसी नवऱ्याकडे वळली.

“म्हणजे तू खोटं नव्हतास बोलत.”

त्याने नुसते डोळे पुसले. मग ती माझ्याकडे वळली.

“पण हा या घरात नको.”

घ्या. मी काय कुणाच्या घशात ओतत होतो? तरी सांगतो मित्रांनो, डॉक्टरने काय पिता विचारलं की सगळं सांगा. मानाचं म्हणून पिता तेही, झाडपाला, गोळ्यासुद्धा. आणि आम्हा लाकडाच्या जातीला उन्हात टाकू नका, तडा जातो.

तिकडे नेमानी दारात उभा राहून मला आपल्या घरी न्यायला टपलाय. त्याचं रक्त कुणी तपासलंय? उनाइसीने मला काखेत मारलंय, कुठे नेतेय ते सांगत नाही. जातो, मला निघायला लागतंय.