पेन्सिलीने ‘पाहावे’

“बसत नाही,” दुसऱ्या खिडकीतला कारकून म्हणाला आणि त्याने अर्ज काचेखालून परत सरकवला. “दोन पेपर लागतात, तुमचा एकच आहे.”

अर्ज घेऊन आलेल्या बाई जागच्या हलल्या नाहीत. चाळिशीच्या असतील. बस आगारात गाड्यांची वेळापत्रके बसवायचे काम त्या करत. नियोजन कक्षात जायचे तर पदव्युत्तर पदवी हवी, आणि आगाराने शिकायला रजा दिली होती ती याच वर्षी प्रवेश मिळाला तरच. हे सगळे त्यांनी एका दमात सांगितले, बहुधा तिसऱ्यांदा.

मी बाबांच्या खुर्चीमागे कपाटाला टेकून उभी होते. त्यांना दवाखान्यात न्यायला आले होते. महिनाभर मागे लागून मोठ्या डॉक्टरांची साडेचारची वेळ मिळाली होती. तीन वाजून गेले होते. पाच वाजता प्रवेश बंद होणार होते.

“इकडे द्या बघू,” बाबा म्हणाले.

अर्थशास्त्र विभागाच्या पहिल्या खिडकीत बाबांनी एकतीस वर्षे काढली. स्वतः बारावीच्या पुढे गेले नाहीत, पण एम.ए.चा अभ्यासक्रम त्यांना तोंडपाठ होता. पदवीला पन्नास टक्के. पदवी अर्थशास्त्राची नसेल तर गणिताचे किंवा संख्याशास्त्राचे दोन पेपर. चार सत्रे, सोळा पेपर, तिसऱ्या सत्रापासून ऐच्छिक विषय, शेवटी प्रबंध. पाढ्यांच्याही आधी मी हे ऐकले असेल. प्राध्यापक बदलले, पुस्तके बदलली, मुले मात्र ‘खिडकीकाकांना विचार’ असेच एकमेकांना सांगत राहिली. आई चिडवायची, की हा माणूस सगळ्यांना आत घेतो आणि स्वतः खिडकीतच राहतो. बाबांना ते आवडायचे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका मुलाला परत पाठवले होते. नियमात लिहिले होते ‘संख्याशास्त्र’, मुलाच्या गुणपत्रिकेवर होते ‘सांख्यिकी’. बाबांना वाटले, हे दोन वेगळे विषय. चार दिवसांनी एका प्राध्यापकांनी हसत हसत सांगितले, अहो, दोन्ही एकच. तोवर मुदत संपली होती. त्या मुलाचा पत्ता काढून बाबांनी पत्र टाकले. उत्तर आले नाही. तेव्हापासून त्यांनी कुठल्याही अर्जावर ‘अपात्र’ असा शेरा मारला नाही. शंका असली की कोपऱ्यात पेन्सिलीने ‘पाहावे’ लिहायचे आणि खरोखर पाहायचे.

बाईंची पदवी भूगोलाची होती, चोपन्न टक्के. संख्याशास्त्राचा एक पेपर होता. दुसरा शोधताना बाबांचे बोट एका ओळीवर थांबले: ‘भौगोलिक तंत्रे’. त्यांनी पेन्सिल उचलली.

“काका, नियम काय रबर आहे का ताणायला?” दुसऱ्या खिडकीतून आवाज आला.

“ताणायचा नाही रे. वाचायचा.”

त्या पेपरात काय शिकवले, असे त्यांनी बाईंना विचारले. बाईंना नकाशे आठवत होते, आणि काही आकडेमोड. एवढ्यावर भागणार नव्हते, छापील अभ्यासक्रम हवा होता. बाबांनी बाईंच्या जुन्या कॉलेजात फोन लावला. तिथल्या कारकुनाचा आवाज ते वीस वर्षे ओळखत होते, तोंड कधी पाहिले नव्हते. प्रकृतीची विचारपूस झाली, तेव्हा बाबा ‘ठणठणीत’ म्हणाले. जुन्या फायली तळघरात आहेत, अर्धा तास द्या, असे पलीकडून सांगितले गेले. पानांचे फोटो बाबांच्या साध्या फोनवर येणार नव्हते, म्हणून त्यांनी मला न विचारता माझा नंबर दिला.

चार वाजले तेव्हा मी घड्याळाकडे पाहिले. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले. बाबांनी माझ्याकडे न बघता, हळू आवाजात सांगितले, “डॉक्टर उद्याही असतील. यांचा उद्या नाही.”

पुढची वेळ आठवड्यानंतरची मिळाली. त्या आठवड्याने काही फरक पडला नसता, असे मला नंतर दोन डॉक्टरांनी सांगितले. तिसऱ्याला मी विचारले नाही.

साडेचारला माझा फोन वाजू लागला. एकामागून एक पिवळी पडलेली पाने आली. छापून निघाली तशी बाबांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर मांडली आणि बोट फिरवू लागले: मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध. यांतले एकही गणित त्यांना सोडवता आले नसते. शेजारच्यांच्या मुलांची नावे ठाऊक असावीत, तशी त्यांना ती ठाऊक होती. छपाईयंत्रापाशी कोणी उभे होते. पाहते तो दुसऱ्या खिडकीतला कारकून. “काका, हेही पान घ्या,” तो म्हणाला. “यात प्रतिगमन आहे. हे असलं की मॅडम नाही म्हणायच्या नाहीत.”

विभागप्रमुख मॅडम निघायच्या बेतात होत्या. त्यांनी उभ्यानेच पाने चाळली. मग बाईंना विचारले, आगारात गाड्यांचा उशीर कसा मोजता?

“सरासरी नाही काढत, मॅडम. एखादी गाडी दोन तास रखडली की सगळा मार्गच उशिरा दिसतो. आम्ही मधली गाडी बघतो. निम्म्या तिच्या आधी पोचलेल्या, निम्म्या नंतर.”

“त्याला म्हणतात काय?”

“पुस्तकात मध्यक म्हणत असतील. आम्ही मधली म्हणतो.”

मॅडम हसल्या. खांद्यावरची पर्स खाली ठेवून त्यांनी बाबांचेच पेन मागितले आणि अर्जावर लिहिले, ‘समकक्ष. प्रवेश द्यावा.’ पाचला सात मिनिटे होती.

प्रवेशाची यादी छापून झाली होती. बाबांनी तळाशी शेवटचे नाव हाताने लिहिले, छापल्यासारख्या अक्षरात. मग बाईंना अभ्यासक्रमाची पुस्तिका दिली आणि खिडकीतून वाकून सगळे समजावले. पहिल्या सत्रात गणित येतं, ते आगारातल्यासारखं नसतं. दुसऱ्यात अर्थमिती. “तिथं सगळे रडतात,” बाबा म्हणाले. “रडायचं तर या इथं खिडकीशी. सोडून नाही जायचं.”

बाईंनी मान हलवली.

दुसऱ्या सत्रापर्यंत खिडकीत दुसरे कोणी बसले होते.

कुलूप लावून आम्ही निघालो तेव्हा बाई बाहेर विभागाच्या बोळातल्या बाकावर पुस्तिका उघडून बसल्या होत्या. एकेका पेपरचे नाव ओठांतल्या ओठांत वाचत होत्या. आमच्याकडे त्यांचे लक्षही गेले नाही. त्या बोळाला खिडकी नाही. बाबा भिंतीचा आधार घेत चालत एकेक दिवा मालवत गेले. बाकावरचा मात्र त्यांनी तसाच राहू दिला.