पाण्यावर कापलेला दगड

चकतीवाल्याने चकती दोन बोटांत कडेने धरली आणि खिडकीच्या उजेडात उचलली. आतले स्फटिक मधासारखे उजळले. त्यांच्याभोवतीची लोखंडाची जाळी मात्र उजळली नाही. प्रत्येक स्फटिकाच्या कडेने तपकिरी रेघ धरली होती, आणि एका कोपऱ्यात तर चहा सांडल्यासारखा डाग पडला होता.

"माझ्यामुळे झालं," स्टुलावर बसलेल्या वहिनी म्हणाल्या. "हे गेल्यापासून रोज पुसते. ओल्या फडक्याने. आपली धूळ बसू नये म्हणून. यांनी कधी हात लावू दिला नव्हता. का, ते आता कळलं."

हे म्हणजे मास्तर. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीला लोक घड्याळ घेतात तशी यांनी आभाळातून पडलेल्या दगडाची चकती घेतली. चकतीवाल्याचं ते पहिलं गिऱ्हाईक, पुढे मित्र. अर्धं लोखंड आणि अर्धे स्फटिक असे दगड फार थोडे सापडतात. ते मिळवायचे, पातळ कापायचे, आरशासारखे घासायचे आणि हौशी लोकांना विकायचे, हा चकतीवाल्याचा धंदा. नावही त्यावरूनच पडलेलं.

"शनिवारी मुलगी येतेय," वहिनी म्हणाल्या. "घरातलं काही नको, बाबांची चकती तेवढी दे म्हणाली. सहा महिने एवढी एक वस्तू सांभाळायची होती मला. आधीच तिचं मत, की आईला बाबांच्या या वेडाचं काही पडलेलं नव्हतं. आता तर पुरावाच मिळेल. भावजी, काही करता येईल का?"

त्याने भिंग उचललं. खरं तर भिंगाची गरज नव्हती, पण वहिनींच्या डोळ्यांत बघण्यापेक्षा ते बरं होतं. फडक्याने आलेला गंज वरवर पसरतो. हा आतून आला होता, आणि सहा महिन्यांचा नव्हता. चांगला बारा वर्षांचा होता.

बारा वर्षांपूर्वी त्याने हा दगड पाण्यावर कापला होता. करवत तापते, तिच्यावर काहीतरी सोडत राहावं लागतं. असले दगड स्पिरिटवर कापावेत, पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नये, हे त्याला जुन्या माणसांनी सांगितलं होतं. पण स्पिरिटवर काम सावकाश चालतं, आगीची धास्ती असते, आणि याला प्रदर्शन गाठायची घाई. उतावळा नवरा, दुसरं काय! अकरा चकत्या निघाल्या, अकराही हातोहात गेल्या. बारावा, टोकाचा तुकडा स्वतःजवळ ठेवला होता, त्याला पुढच्या दमट दिवसांत तपकिरी घाम फुटला. त्याने तो खणात टाकला आणि कानाला खडा लावला. तेव्हापासून सगळं स्पिरिटवर. याचा माल गंजत नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि आज सुंठीवाचून खोकला जात होता. दोष घ्यायला वहिनी आपल्या पायांनी आल्या होत्या.

"ओलं फडकं वाईटच," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं.

वहिनींनी मान हलवली. मग उजवा हात डाव्या हाताखाली घेतला आणि मांडीवर दाबून धरला, जणू त्या हाताला परत कशाला शिवू द्यायचं नव्हतं. ते त्याला बघवेना. त्याने भिंग खाली ठेवलं.

"वहिनी, तुमच्या फडक्याने झालेलं नाही हे. माझ्यामुळे झालंय."

मग त्याने सगळं सांगितलं: पाणी, प्रदर्शन, खणातला तुकडा. सांगताना त्याला घाम आला. वहिनी रागावतील, निदान उठून जातील असं वाटलं होतं. त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

"मुलीला मी स्वतः सांगतो," तो म्हणाला. "आणि ही मला परत द्या. स्पिरिटवरची देतो, याहून मोठी. तिला कधी काही होणार नाही."

"तरीच," वहिनी म्हणाल्या. त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "महिन्यातून एक रविवार दार लावून बसायचे. बारीक पॉलिश पेपर, बाटलीतलं काहीतरी, मग सुकवायला ओव्हन. ओव्हनला वास लागतो म्हणून मी कितीदा भांडले. मला वाटायचं लाड चाललेत दगडाचे. गंज काढत होते होय!"

चकतीवाल्याने स्टुलाकडे पाहिलं. मास्तर दर आठवड्याला इथे यायचे, याच स्टुलावर बसायचे, नवी गिऱ्हाइकं हाताला धरून आणायचे. "हा बेटा कापतो ते बघा," म्हणायचे.

"मला एका शब्दाने बोलले नाहीत," तो म्हणाला.

"मलाही नाही." वहिनींनी हात पुढे केला. त्याने चकती त्यांच्या तळव्यावर ठेवली. "दुसरी नको मला. हिला कसं घासायचं ते दाखवा. शनिवारी मुलगी आली की तिलाही दाखवते. दोघी मिळून बसू. तिला बरं वाटेल, मलाही."

त्याने पॉलिश पेपर काढला, स्पिरिटची बाटली उघडली, आणि एका दिशेने, हलक्या हाताने कसं जायचं ते दाखवलं. वहिनी जरा अवघडल्या, मग जमलं. तपकिरी रेघ एका जागी फिकी झाली, खालून पांढरं लोखंड दिसू लागलं. त्या हसल्या. मास्तर गेल्यानंतर तो त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होता, आणि त्याला फार हलकं वाटलं.

"अकरा निघाल्या म्हणालात ना?" घासता घासता त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बाकी दहा जणांकडे कोण घासतं?"

दहाही घरं त्याला तोंडपाठ होती. वहिनींनी हात थांबवला नाही आणि वरही पाहिलं नाही. त्यांनी नुसतं स्टूल जरा बाजूला सरकवलं, मागच्या भिंतीवरच्या फोनपर्यंत त्याला वाट व्हावी इतकं.