नळीतली हवा

मित्रांनो, भिंतीला साखळीने बांधलेलं दिसतं ते कुत्रंच असतं असं नाही. मी एक जुना सिलिंडर आहे. कर्करोगावर संशोधन चालतं त्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभा असतो. पोटात नायट्रिक ऑक्साइड वायू. तुमच्या रक्तवाहिन्याही तो कणकण तयार करतात. पण माझ्या अंगावर विषाचं चिन्ह रंगवलंय, म्हणून इकडे कुणी फिरकत नाही.

फिरकायची ती इथे संशोधन करणारी एकटी ताई. तिच्या आईला गाठ झाली होती. माझा वायू थोडा मिळाला तर गाठीचा रक्तपुरवठा वाढवतो आणि भरपूर मिळाला तर गाठीच्याच पेशी मारतो, असा मी दुतोंडी! किती दिला तर गाठ मरेल आणि माणूस वाचेल, हे ताई काचेच्या बशीत वाढवलेल्या गाठीच्या पेशींवर शोधत होती. चावी फिरवताना म्हणायची, "चल म्हाताऱ्या, आज तरी नीट वाग." दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस.

माझं एक पथ्य आहे. हवा लागली की माझी तपकिरी वाफ होते आणि ती समोर येईल त्याला मारते. म्हणून आधी पेशींकडे जाणाऱ्या नळीत नायट्रोजन सोडून हवा हाकलायची. ताई हे कधी विसरली नव्हती. एका सकाळी मात्र आईला दवाखान्यात सोडून धावतपळत आली आणि थेट माझीच चावी फिरवली. एवढ्याशा वायूने बशीतल्या सगळ्या पेशी मेल्या. तिचे सर खूश झाले.

ताईने आईला सांगायला फोन उचलला, तेवढ्यात तिला नळीत तपकिरी छटा दिसली.

"सर, हवा काढायची राहिली. पेशी तपकिरी वाफेने मेल्या, हा वायूचा गुण नाही."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ आहे का आईकडे?"

"नाही," ताई म्हणाली, आणि नळी धुवायला घेतली.

या वेळी हवा काढून तेवढाच वायू सोडला, तर पेशी जिवंत राहिल्या. मग तिने फोन लावला. "आई, अजून नाही गं जमलं."

"बरं. तू जेवलीस का?" पलीकडून आवाज आला.

त्यानंतर ताई बरेच दिवस आली नाही. माझ्यावर धूळ साचली. तिची आई गेली, हे मला झाडूवाल्या मावशींच्या बोलण्यातून कळलं. मला फार एकटं वाटलं, मित्रांनो.

आपलं माणूस आजारी असलं की घाई होतेच. पण अशा घाईच्या दिवशीच आठवणीने आधी हवा काढा, एवढंच माझं मागणं आहे.

परवा ताई आली. धूळ पुसली, नायट्रोजन सोडला, नळी स्वच्छ होईपर्यंत थांबली. मग माझी चावी फिरवली. "चल म्हाताऱ्या" मात्र म्हणाली नाही.