रेशमाच्या टेबलावरून

पन्नाशी जवळ आली आणि माझ्या शरीराने माझ्याशी उभा दावा मांडला. आधी पाळी रुसली, मग झोप, आणि शेवटी कातडी. पोटऱ्यांना खाज, कोपरं पांढरीफटक, तोंड धुतलं की गालांची ओढाताण. हे सगळं मी सोसलं असतं. कुरकुरत का होईना, सोसलं असतं. पण बोटं फुटायला लागली तेव्हा तोंडचं पाणी पळालं. माझं पोट बोटांवर आहे.

आमच्या कारखान्यात रेशमी स्कार्फ होतात. त्यांच्या कडा मशीनवर शिवत नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कापडाची कड गोल वळवायची आणि बारीक टाके घालत जायचं. हातमोजे घालून हे जमत नाही, उघडीच बोटं लागतात. बोटाचं एवढंसं साल निघालेलं असलं तरी धागा त्यात अडकतो, ओढला जातो आणि स्कार्फ बाद. म्हणून रोज सकाळी आमच्या देखरेखीच्या बाई दारात उभ्या राहून प्रत्येकीच्या तळव्यावरून विरविरीत रेशमाची चिंधी फिरवतात. पाठीमागे आम्ही त्यांना चष्मेवाली म्हणतो. चिंधी घसरली तर आत. अडकली तर मागच्या खोलीत, मशीनवर सुती नॅपकिन शिवायला. तिकडे गेलेली बाई परत रेशमाच्या टेबलावर आलेली मी तरी पाहिलेली नाही.

डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "रोग नाही हो हा. पाळी जाताना हार्मोन कमी होतं, मग कातडीतला ओलावा आणि तेल दोन्ही घटतं. कढत पाण्याची अंघोळ बंद करा. साबण सौम्य, बिनवासाचा. अंग ओलसर असतानाच क्रीम लावायचं. झोपताना हातांना जाडसर पेट्रोलियम जेली आणि वरून सुती मोजे. आणि धीर धरा."

धीर सोडून बाकी सगळं मी त्याच दिवशी सुरू केलं, आणि सकाळी दारात चिंधी कशीबशी घसरत राहिली. नवरा म्हणाला, "हातात मोजे घालून झोपणारी बायको आजच पाहिली!" मी म्हटलं, "मग उद्यापासून भांडी तुम्ही घासा, मोजे काढते." गडी खरोखरच भांडी घासायला लागला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

घराबाहेर हे फक्त एकीला माहीत होतं. माझी धाकटी बहीण, चिमी. आई गेली तेव्हा ती परकर सावरायला शिकत होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचं लग्न मी लावलं, आणि ते मोडल्यावर कड वळायलाही मीच शिकवलं. चष्मेवालीकडे शब्द टाकून तिला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. अजून ती कच्चीच होती. एक स्कार्फ बिघडला की घरी, अशा बोलीवर.

एकदा कामावरून परतताना ती म्हणाली, "ताई, माझेही हात खरखरीत व्हायला लागलेत गं. पण कुठे बोलू नकोस हं. पाळी गेली म्हटलं की बायका लगेच आजीबाई करून टाकतात."

मला हसू आलं. मी तिला माझ्यातली क्रीमची एक डबी दिली, मोजे दिले, सगळं नीट समजावलं. वर बजावलं, "कामावर मात्र हे लावायचं नाही. रेशमावर तेलाचा डाग पडला की संपलं."

"हो गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुसऱ्याच दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तिने कारखान्यातल्या तिखट साबणाने हात धुतले, कातडी ताणली, आणि बाईसाहेबांनी पर्समधली डबी काढून मस्तपैकी क्रीम चोळलं. हात साडीला पुसले की झालं, असा हिशोब. टेबलावर बसून कड चिमटीत धरली मात्र, मोतिया रंगाच्या स्कार्फवर दोन बोटं उमटली. तिने माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता.

मी काही विचार केला नाही. टेबलाखालून तो स्कार्फ ओढला आणि माझ्या ढिगात सारला. चहाच्या सुट्टीत वर पावडर भुरभुरवू, तेल ओढून घेईल, असं मनात होतं. माझा ढीग कधी कुणी तपासत नसे.

त्या दिवशी माल लवकर पाठवायचा होता. चष्मेवाली आली आणि माझ्याच ढिगाला हात घातला.

"हे काय?" तिने स्कार्फ उजेडात धरला. "तेल? कुणाच्या हाताचं?"

मी चिमीकडे पाहिलं. तिने एवढंच म्हणायचं होतं, बाई, चुकलं माझं. पुढचं मी सांभाळलं असतं. पदर पसरला असता, माझी इतक्या वर्षांची पत खर्ची घातली असती. तिने फक्त तोंड उघडायचं होतं. तिने ते उघडलं.

"ताई क्रीम लावते, बाई. पाळी गेल्यापासून हात फुटलेत तिचे. रात्री मोजे घालून झोपते. मी कितीदा सांगितलं, कामावर लावत जाऊ नकोस म्हणून."

सगळं टेबल ऐकत होतं. इस्त्रीवालाही इस्त्री उभी करून ऐकत होता. माझंच वाक्य, आणि माझ्यावरच! तिने केसाने गळा कापला माझा, आणि तोही मी वेणीफणी केलेल्या केसांनी.

"डाग माझा नाही," मी म्हटलं.

"तुमच्या ढिगात होता," चष्मेवाली म्हणाली. तिने माझा हात उलटा केला आणि बोटांवरच्या भेगा पाहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सामान घ्या तुमचं, मागच्या खोलीत."

मी चिमीकडे पुन्हा एकदा पाहिलं. ती मान खाली घालून कड वळत होती, अगदी मी शिकवली तशी.

संध्याकाळी ती फाटकाशी थांबली होती. "ताई, रागावलीस? अगं, स्कार्फ तूच ओढलास ना? मला वाटलं, तू अंगावर घेतेयस. आणि मला तर काढूनच टाकलं असतं. तुला नुसतं मागे पाठवलं. तुझ्याकडे भाऊजी आहेत, माझ्याकडे कोण आहे?"

"मी होते," मी म्हटलं.

ती माझ्या दंडाला धरून म्हणाली, "हे बघ, सुती कापडाला थोड्याफार तेलाचं भय नाही. आता तुला दिवसाही क्रीम लावता येईल. हात लवकर बरे होतील तुझे." तिला खरंच वाटत होतं की ती मला बरं वाटेल असं काहीतरी सांगतेय. मी दंड सोडवून घेतला आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

तिचं म्हणणं मात्र खरं ठरलं. सुती खोलीत मी दिवसातून चारदा क्रीम लावते, कुणी विचारत नाही. भेगा भरल्या. बोटं अशी मऊ झालीत की पोरवयातही नव्हती. चष्मेवालीला जाऊन दाखवलेही हात. ती म्हणाली, "हात छान झालेत हो. पण आता तुमच्या ढिगावर डोळे मिटून विश्वास कसा ठेवू?"

काल जेवणाच्या सुट्टीत चिमी मागच्या खोलीत आली. तिला टेबलावर पक्कं केलं होतं, ते सांगायला. हसत हसत तिने हात पुढे केला, "दाखव ना ताई, किती मऊ झालेत ते."

मी हात मांडीवरून उचलला नाही. लहान असताना रस्ता ओलांडताना ती असाच हात पुढे करायची, आणि मी तो कधी रिकामा परत जाऊ दिला नव्हता. काल जाऊ दिला.