मधले गवत

मित्रांनो, गोठ्यामागच्या गवतात अर्धे बुडालेले जे गंजके लोखंड दिसते, ते मी. मी एक जुने गवत कापायचे यंत्र आहे. कारखान्यातून आले तेव्हा माझी दातेरी पट्टी लखलखत होती, आणि माझा तोराही काही कमी नव्हता.

मला चालवणाऱ्या दादांना टापटिपीचे भारी वेड. मला ट्रॅक्टरला जोडायचे, कुरणाच्या कडेने सुरुवात करायची आणि गोल गोल फिरत आत यायचे. शेवटी मधोमध एक हिरवा तुकडा उरे. तोही साफ. "कुरण कसं दाढी केल्यासारखं दिसतंय," असे लोक म्हणत आणि दादांची कॉलर ताठ होई. मीही मनातल्या मनात फुगत असे.

दादांची थोरली बहीण, ताई, मात्र खिन्न असे. पूर्वी पहाटे कुरणभर तित्तरे बोलत. जमिनीवरच घरटे करणारा पक्षी तो. शिकार बंद झाली, बंदुका कधीच माळ्यावर गेल्या, तरी तित्तरे घटतच होती. आता आवाज एकाच जोडीचा उरला होता. दादा सगळे खापर कोल्ह्यावर फोडत.

त्या वर्षी कापता कापता मधला तुकडा तेवढा राहिला आणि ताई थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, सरक बाजूला. एवढंसंच तर उरलंय."

"एवढंसंच उरलंय, म्हणून तर ती तित्तराची मादी इथे असणार. तू बाहेरून कापत आलास, तशी ती आत आत सरकली. आता उघड्यावरून पळेल कुठे?"

दादांनी इंजिन बंद केले. ताईने हलकेच गवत बाजूला सारले. माझ्या दात्यांपासून वीतभर अंतरावर मादी बसली होती आणि तिच्या पंखांखालून चिमुकली पिल्ले डोकावत होती. तिला उडून जाता आले असते. पिल्लांना उडता येत नव्हते, म्हणून ती बसून राहिली होती. एवढ्या लोखंडासमोर मूठभर पिसे! मित्रांनो, मी थक्क झाले. दादांनी ट्रॅक्टर मागे घेतला आणि तो तुकडा तसाच सोडला.

पुढच्या वर्षीपासून कापणी उशिरा, पिल्ले मोठी झाल्यावर होऊ लागली. सुरुवात मधून, आणि फेऱ्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाखरांना कडेला पळायला वाट राहते. कडेचा पट्टा तर कापायचाच नाही. माझ्यापुढे साखळ्या लटकवलेली एक दांडी बसवली. साखळ्यांनी गवत हलले की दडलेला पक्षी आधीच उठे. कुरण मात्र पार गबाळे दिसू लागले.

"अर्धी हजामत सोडून न्हावी पळाला काय?" शेजारी विचारायचा.

"पहाटे ये ऐकायला," दादा एवढेच म्हणायचे.

एकदा तो आला. चारी कडांनी तित्तरे बोलत होती. हातातला चहा निवला तरी तो तिथेच उभा होता.

आता नवे यंत्र आले आहे आणि मी इथे पडले आहे. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. परवा भंगारवाला मला न्यायला आला. दादांनी वाकून माझ्याखाली पाहिले आणि हात आडवा धरला.

"आत्ता नाही. पिल्लं निघाली की मग ये."

माझ्या दात्यांखाली एक मादी अंडी उबवते आहे. तिला माझी भीती वाटत नाही. याहून मोठा मान मला कोणी दिलेला नाही. तेव्हा मित्रांनो, गवत कापायला निघालात तर मधून सुरुवात करा, कडा राखा. आणि माझ्यासारखे टाकाऊ लोखंड उचलण्याआधी एकदा खाली वाकून बघा.