चौथा बाप्तिस्मा

लिडियाबाईंचे आजवर तीन बाप्तिस्मे झाले होते, आणि चौथ्यासाठी त्या पिशवीत पांढरी साडी नि टॉवेल घालून मांडवीच्या समुद्रावर निघाल्या होत्या. बाप्तिस्मा एकदाच घ्यायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. रविवारच्या शाळेत पोरांकडून त्यांनीच ते घोकून घेतलं होतं. पण पोरांना शिकवणं वेगळं आणि स्वतःवर वेळ येणं वेगळं.

पहिला झाला तो त्या तान्ह्या असताना, चर्चमध्ये, डोक्यावर चार थेंब टाकून. दुसरा गेल्या पावसाळ्यानंतर चिपळूणच्या एका नव्या ख्रिस्ती मंडळीने वाशिष्ठीच्या पात्रात दिला. तिसरा कोल्हापुरात, सभागृहामागे ठेवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या टाकीत. तिथून बाई सर्दी घेऊन आल्या, ती काही केल्या जाईना. दर वेळी थोडे दिवस जीव हलका वाटायचा. मग पुन्हा तोंड सुटायचं आणि सगळं पाण्यात जायचं.

तोंड सुटायचं ते एकाच माणसावर, नवऱ्यावर. बाई जन्मभर नर्स. कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं तरी आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवणार. अजूनही बाजारात बायका थांबवून म्हणतात, सिस्टर, तुमच्यासारखा हलका हात पुन्हा बघितला नाही. आणि घरी महिपतराव खाटेवर. एसटीचे ड्रायव्हर, आंबा घाट ज्यांच्या हाताखालून गेला, ते आता अर्धांगवायूने उजव्या अंगाने लुळे. बोलणंही गेलेलं. खूप जोर केला तर एखाददुसरा शब्द बाहेर पडायचा. मात्र कान शाबूत आणि समज पूर्वीइतकीच लख्ख.

त्या सकाळी बाईंनी नुकतीच चादर बदलली होती. पेज भरवताना महिपतरावांचा हात लागला आणि वाडगा उपडा झाला. पेज चादरीवर, गादीवर, बाईंच्या मांडीवर. त्यांच्या तोंडून जे निघालं ते भिंतीपलीकडे शेजारच्या गोदूबाईंनीसुद्धा ऐकलं.

"मरत का नाही तुम्ही एकदाचे!"

महिपतरावांनी मान भिंतीकडे वळवली.

बाईंना स्वतःची शिसारी आली. त्यांनी चादर बदलली, नवऱ्याला पुसलं, कोरडं केलं, हे सगळं एक अक्षर न बोलता. साताऱ्याकडच्या एका वृद्धाश्रमाशी बोलणं झालेलंच होतं. मुंबईचा मुलगा स्वरूप सोमवारी गाडी पाठवणार होता. "आई, तू म्हणशील तसं," एवढंच तो म्हणाला होता. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, हा शेवटचा उपाय. चौथ्यांदा तरी आपण आतून बदललो, तर नवऱ्याला घरी ठेवायचं. नाही तर सोमवारी त्याला पाठवून द्यायचं, आपल्यापासून लांब, सुखरूप. आणि मग देवाचं नावही घ्यायचं नाही. जी इतकी धुऊनही निर्मळ होत नाही, ती तारलेली कसली?

"जा गो बाय तू, मी हाय हितं," गोदूबाई म्हणाल्या. कुठे म्हणून विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

बाईंच्या चर्चचे पाळक मुकुल जेट्टीपाशी उभे होते. वय स्वरूपएवढंच, मंडळीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. बाईंनी त्यांना फोनवर नुसतं 'प्रार्थनेला या' म्हटलं होतं. पिशवीतला टॉवेल बघून त्यांच्या काय ते लक्षात आलं.

"सिस्टर, हे मी करणार नाही," ते म्हणाले.

"का? समुद्र तुमच्या मालकीचा आहे?"

"नाही. पण तुमचा बाप्तिस्मा झालाय."

"झालाय! तीनदा झालाय! एकही लागू पडला नाही!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की भेळेची गाडी मांडणारा माणूस वळून बघायला लागला. मग तिथेच, कट्ट्यावर बसून, त्यांनी सगळं सांगितलं. पेज, चादर, ते वाक्य. वाक्य सांगताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला. सोमवारची गाडीही सांगितली.

पाळक ऐकत राहिले. मग त्यांनी भलतंच विचारलं. "सिस्टर, बाजारातून घरी गेलात की दारात पहिलं काय करता?"

"काय करणार? पाय धुते."

"अंघोळ नाही करत?"

"ती सकाळीच झालेली असते. काहीतरीच काय?"

"आणि पाय मळले म्हणून कधी असं वाटलं, की हे घरच आता आपलं राहिलं नाही?"

बाईंना कळलं, आणि राग आला. "म्हणजे रोज पाप करायचं नि रोज पाय धुवायचे? बरी सोय आहे!"

"सोय वाटली असती तर तुम्ही इथे रडत बसला नसता," पाळक म्हणाले. "ज्याला मळलेल्या पायांचं काही वाटत नाही, त्याची मला काळजी वाटते. तुमची नाही. तुम्ही चांगल्या आहात म्हणून देवाने तुम्हाला घरात घेतलं नव्हतं, सिस्टर. मग वाईट वागलात म्हणून तो बाहेर कसा काढेल? स्वभाव हळूहळू बदलेल. कदाचित शेवटपर्यंत पुरता बदलणारही नाही. त्याच्याशी रोज भांडायचं, पण ते घरात राहून." मग चाचरत ते म्हणाले, "एक विचारू? या सगळ्या काळात महिपतकाकांची माफी किती वेळा मागितलीत?"

बाईंनी माफी नदीत मागितली होती, टाकीत मागितली होती, परक्या गावात परक्या लोकांसमोर हुंदके देऊन मागितली होती. ज्याला बोल लागला होता, त्याच्याजवळ एकदाही नाही. आपण सेवा करतोय ना, तेच पुरे, असं मनाशी धरून बसल्या होत्या. चार मैलांवर नाही, चार हातांवर तो माणूस पडलेला असायचा.

"मला ह्यांची लाज वाटते," त्या अखेर म्हणाल्या. "देवाची नाही वाटत एवढी."

"तेच तर," पाळक म्हणाले, आणि त्यांनी पिशवी उचलून रिक्षाला हात केला.

घरी महिपतराव अजून भिंतीकडेच तोंड करून होते. गोदूबाई हळूच स्वयंपाकघरात सरकल्या. बाई खाटेच्या कडेला बसल्या. जन्मभर ज्या खोलीत हक्काने वावरल्या, तिथे हात कुठे ठेवावेत ते सुचेना.

"अहो, ऐकता ना? मी तुम्हाला सकाळी मरा म्हटलं. आधीही पुष्कळ बोलले. चुकलं माझं. मला माफ करा."

बाईंनी त्यांची चादर सारखी केली.

"आणि खोटं नाही सांगत. उद्याही माझं तोंड सुटेल. मी लढेन, पण सुटेल कधीतरी. तेव्हा पळून जाणार नाही कुठे. इथेच बसून पुन्हा माफी मागेन. स्वरूपला सांगते, गाडी नको म्हणून. आणि दिवसाची एखादी बाई बघायला सांगते मदतीला. एकटीने नाही जमत मला. आजवर जमतंय म्हणत होते, तेही खोटंच होतं."

महिपतरावांनी मान वळवली. डोळे ओले होते. ओठ हलायला लागले, तसा बाईंचा हात सवयीने पाण्याच्या भांड्याकडे गेला. महिपतरावांनी डाव्या हाताने तो हात धरून ठेवला. पाणी नको होतं. घाटात बस चढवावी तसा जोर करत, घाम येईपर्यंत, त्यांनी एकेक शब्द बाहेर काढला.

"उद्याचं... सुद्धा... माफ."

लिडियाबाई नवऱ्याच्या हातावर डोकं ठेवून मोठ्याने रडल्या. सकाळचं ऐकलेल्या गोदूबाईंनी घाबरून आत डोकावलं, आणि लगेच मागे फिरून चुलीवर पुन्हा पेज ठेवली.